एकशे तीस, ऐंशी

रबराची नळी निसटली आणि स्टेथोस्कोपची चकती बायकोच्या मांडीवर पडली, तरी कंपाउंडर कानात नळ्या घालून तसाच बसून होता... डोळे पाऱ्याच्या काचेवर, भुवया उंचावलेल्या, मान किंचित कललेली, जणू तिच्या काळजाचा एकेक ठोका त्याला स्पष्ट ऐकू येत होता. मग त्याने हवा सोडली, तिच्या डाव्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि वर्षानुवर्षांच्या त्याच ठाम सुरात सांगितलं, "एकशे तीस, ऐंशी. उत्तम."

तिने मांडीवरच्या चकतीकडे पाहिलं, मग त्याच्या हातात लोंबणाऱ्या मोकळ्या नळीकडे. तो पाठमोरा होऊन पट्ट्याची घडी घालत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी लेकीकडे चालले. कायमची."

"हो, हो," तो पाठमोराच म्हणाला, "टाकतो की चहा."

नवरा ऐकत नाही, ही काय तक्रार झाली? ती तर घरोघरची. टीव्ही मोठ्याने लावतो, हाक मारली की 'हं' म्हणतो आणि जागचा हलत नाही, हे ती शेजारणींना हसत हसत सांगायची आणि शेजारणी आपापल्या नवऱ्यांचे किस्से सांगायच्या. ते कान खरोखरच गेले असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

गावातला दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांची बदली झाली, नवे आलेच नाहीत, आणि दाराला कुलूप लागलं. शहरातलं हॉस्पिटल बसने तीन तासांवर. औषधांची गाडी पंधरा दिवसांनी यायची, तीही तिच्या मनात आलं तर. तरुण मंडळी कामधंद्यासाठी कधीच बाहेर पडलेली, मागे उरली होती ती गुडघ्यांवर हात टेकून उठणारी माणसं. त्यांच्यासाठी कंपाउंडरने पाऱ्याचं बीपीचं मशीन घरी आणलं आणि पुढच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. रोज सकाळी त्या खुर्च्या भरायच्या. ती सगळ्यांना पाणी द्यायची, कुणाची पांढरी गोळी सकाळची आणि कुणाची गुलाबी रात्रीची हे तोंडपाठ सांगायची. लोक तिला कंपाउंडरीणबाई म्हणायचे, आणि ते ऐकताना तिची मान ताठ व्हायची.

"आई, इकडे येऊन राहा गं. दवाखाना अगदी घराशेजारी आहे," शहरातली लेक दर फोनला म्हणायची. "तुझ्या बाबांचे पेशंट कुणाच्या गळ्यात घालू?" असं म्हणून ती दर वेळी तो विषय मिटवायची.

गेल्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठावं तर डोक्यात घण बसायचे. शेवटी एक दिवस तिने शहरात दाखवून यायचं ठरवलं, पिशवीसुद्धा भरली. कंपाउंडरने तिला बसवलं, पट्टा बांधला. "एकशे तीस, ऐंशी. उत्तम. कशाला तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतेस?" तिने पिशवी रिकामी केली. महिन्याभराने दोघं चादरीची घडी घालत असताना तिच्या उजव्या हातातून चादरीचं टोक सुटलं, आणि त्यानंतर त्या हाताने काही म्हणून धरलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, "आजी, इतकं वाढलेलं बीपी कुणी तपासलंच नाही का?" तेव्हा जड जिभेने, शब्द चाचपडत ती त्यांनाच रागावली होती... "आमच्याकडे रोज तपासतात. तुमचं मशीन बघा आधी!" अख्खा वॉर्ड हसला होता. त्या हसण्याला पुरून उरली होती ती, कारण बाजू आपल्या माणसाची होती.

ते सगळं आत्ता, या क्षणी तिच्या अंतःकरणात उसळून आलं. तिने काठी जमिनीवर जोराने आपटली. फरशीचा हादरा पायाला लागला तेव्हा कुठे तो वळला, आणि तिच्या मांडीवरची सुटी चकती बघून पांढराफटक पडला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "दोन वर्षं झाली."

"आणि लोकांना सांगता ते आकडे?"

"नाडीवर बोट ठेवतो. पट्ट्याने थांबलेली नाडी परत लागली की वरचा आकडा कळतो. खालचा... अंदाजाने."

"मग माझ्या नाडीवर बोट नव्हतं ठेवलं?"

तो खुर्चीत बसला. "ठेवलं होतं," तो म्हणाला. "तू पिशवी भरलीस त्या दिवशी. बोटाला एकशे ऐंशी लागलं. मी स्वतःला म्हटलं, बोट चुकलं. ते खरं धरलं असतं तर तुझ्याबरोबर यावं लागलं असतं, डॉक्टरांनी विचारलं असतं की इतके दिवस कोण तपासत होतं... माझे कान गेलेत हे चव्हाट्यावर आलं असतं गं."

बहिरेपणा तिने पोटात घातला असता. म्हातारपणाने काय कुणाला सोडलंय? पण त्याला ठाऊक होतं... ज्या माणसाच्या शब्दावर तिने भरलेली पिशवी रिकामी केली, त्याने त्याच क्षणी तिच्या हाताचा सौदा आपल्या अब्रूशी केला होता! बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही. तिने लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "गुरुवारी येऊन मला घेऊन जा."

मग तिने अबोला धरला. पण बहिऱ्याशी अबोला धरायचा तरी कसा? आपण बोलत नाही आहोत, हे दाखवायलाही त्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागायचं. तो चहा आणून ठेवायचा, ती तो निवू द्यायची. तिच्या उजव्या हाताला तो रोज तेल चोळायचा, तो हात ती आता त्याच्याकडे देईना.

बुधवारी सकाळी पुढच्या खोलीतल्या खुर्च्या नेहमीसारख्या भरल्या. आतल्या खोलीत ती एका हाताने कपडे पिशवीत कोंबत होती, तेवढ्यात त्याचा आवाज आला, नको इतका मोठा, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा.

"आज तपासणार नाही. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं तुम्हाला अंदाजाने आकडे सांगतोय. आमच्या हिचा हात गेला तो माझ्यामुळे. ती आजारी आहे हे कळूनही मी गप्प बसलो. आता माझ्यावर विसंबू नका."

तिचा हात पिशवीतच राहिला. बाहेर कुणी उठलं नाही, कुणी रागावलंही नाही. मग इस्त्रीवाली म्हातारी, जिला चढावरून घरी पोचायला अर्धा तास लागायचा, ती म्हणाली, "मग आता आम्ही कुणाकडे जायचं?"

त्याला ते ऐकू आलं नाही. तिला आलं.

दारात काठीचा आवाज झाला तशा सगळ्या माना वळल्या, एक त्याची सोडून. ती येऊन त्याच्यासमोर बसली. चकती तिने नळीत घट्ट बसवून आणली होती, दातांनी नळी धरून, डाव्या हाताने. तिने कानात नळ्या घातल्या.

"आधी तुमचं बघू," ती म्हणाली. "बांधा पट्टा. हवा तुम्ही भरा, ऐकते मी."

त्याने आपल्या दंडाला पट्टा बांधला आणि चकती त्याखाली खोचली. "पहिला ठोका ऐकू आला की बोट वर कर," तो पुटपुटला, "मी पारा बघतो."

हवा भरली गेली, मग हळूहळू सुटू लागली. आधी नुसती शांतता... आणि मग एकदम, धप्. पारा फार वर होता. क्षणभर तिच्या मनात आलं, बोट वर करायला उशीर करावा. पारा साठेक आकडे खाली घसरेपर्यंत थांबलं की झालं. एकशे तीस, उत्तम. त्यानेही असंच केलं होतं... कसं केलं असेल, ते तिला आत्ता कळलं, आणि ते कळल्याचाच तिला संताप आला.

तिने बोट तडक वर केलं.

"एकशे ब्याण्णव," कंपाउंडरने वाचलं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी त्याची नजर पाऱ्यावरच होती, कारण खालचा आकडा अजून यायचा होता. ठोके थांबले तेव्हा तिने पुन्हा बोट वर केलं. "एकशे दहा."

तिने कानातल्या नळ्या काढल्या आणि आपला लुळा उजवा हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"लेक उद्या येतेय. दोघंही जाऊ, तुम्हाला दाखवू, कानाचंही विचारू. शनिवारी परत. हिचं गोळ्यांचं बघायचंय," तिने इस्त्रीवालीकडे मान केली. "आणि मी माफ केलं असं समजू नका."

हे ती त्याच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून, एकेक शब्द सुटा करून बोलली, म्हणजे त्याला नीट कळावं. त्याने मान डोलावली आणि तिच्या हाताला लावायला तेलाची बाटली मागवली.