दोन वावरांतला एक वाघ

"माझा वाघ चोरीले गेला," असं म्हणत ती बाई आत आली, आणि अंकुरनं सुईत ओवायचा दोरा सोडून सुईच बोटात ओवली.

ढाणकीच्या बाजारगल्लीत विमलताईंचं दुकान होतं. पाटीवर वरच्या ओळीत 'खाजगी तपास' आणि खालच्या ओळीत 'पिको-फॉल करून मिळेल'. गिऱ्हाईक बहुतेक खालच्या ओळीचंच असे. अंकुर त्यांचा भाचा, वय एकतीस. विमा विकताना स्वतःलाच चार पॉलिसी विकून झाल्यावर तो मावशीचा सहायक झाला होता. तपासातलं सगळं त्याला कळे. फक्त तपास संपल्यावर दोन दिवसांनी.

"बसा," मशीन न थांबवता विमलताई म्हणाल्या. "वाघ जिता का फोटोतला?"

"फोटोतला."

अंकुरचा जीव भांड्यात पडला.

बाईचं नाव राखी. जवळच्याच तांड्यातली सून, लग्नाला दोन वर्षं झालेली. यवतमाळच्या एका निसर्ग मंडळानं फोटोंची स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'भीती'. माणशी एकच फोटो, आज संध्याकाळी पाचपर्यंत. सोमवारी पहाटे राखीला स्वतःच्या तुरीत वाघ दिसला. तिनं धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, मोबाइल रोखला, फोटो काढले आणि जी पळाली ती थेट घरात. भीतीला वाघापेक्षा चांगला फोटो कुठला? तिनं तो पाठवून दिला. काल मंडळाचा फोन आला. हाच वाघ कपिल फोटोवाल्यानंही पाठवलाय. चोर कोण ते पाचपर्यंत ठरवा, नाहीतर दोघंही बाद.

"कपिलनं गावच्या ग्रुपवर माझं नाव 'वाघचोर' टाकलं," राखी म्हणाली. "सकाळी किराणा आणाले गेली त दुकानदार म्हणते, या वाघचोर. स्पर्धा गेली चुलीत, ताई. पण हे नाव मले जन्मभर पुरन."

विमलताईंनी मशीन थांबवलं. फोटो पाहिला.

मागे धुऱ्यावर लाल, हिरव्या, जांभळ्या जुन्या साड्या बांधलेल्या. रानडुकरं बिचकावीत म्हणून त्या भागात सगळेच बांधतात. वावरं अशी दिसतात की अख्ख्या तालुक्यानं एकदम धुणं वाळत घातलंय. पुढे तुरीच्या झाडांमधून वाघाचं तोंड आणि छाती. वाघाच्या डाव्या भुवईवर पांढरा ठिपका. आणि गळ्याजवळ, पानासकट, एक लाल गुलाबाचं फूल.

"रानगुलाब असंल," अंकुर म्हणाला.

"तुरीत?"

"तुरीत वाघ येऊ शकते, त गुलाब काहून नाही येणार?"

विमलताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. तो आपण जिंकलो असं समजला.

"दुसरा फोटो काढला का?"

"एक हाय. पण रोहीचं बूड मधात आलं अन् खराब झाला."

त्या फोटोत अर्धा वाघ झाकून एक रोही, म्हणजे नीलगाय, वाघाकडे पाठ करून तुरीच्या शेंगा खात होती. अंकुरला भरून आलं. "काय हिंमतवाली रोही हाय!"

"हा पुसू नको," विमलताई राखीला म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

कपिलचा स्टुडिओ चार दुकानं सोडून. तो तयारच होता.

"तिनं माझा वाघ कापला, उलटा केला अन् तुरीत चिटकवला! तारीखबी मागची टाकली. हे पहा."

त्याचा फोटो मंगळवार पहाटेचा. राखीच्या शेजारच्या वावरात, म्हणजे भुरीबाईच्या कपाशीत, रस्त्यावरून काढलेला. वाघ तोच, पण ठिपका उजव्या भुवईवर आणि गुलाब दुसऱ्या बाजूला. रंगही फिकट.

"धुकं होतं," कपिल म्हणाला.

"कपाशी त फिकट नाही दिसून राह्यली."

कपिलनं विचार केला. "धुकं फक्त वाघावर होतं."

"तुम्हाले पाहून वाघ हालला?"

"अजिबात नाही. पोझ देऊन बसला होता. अकरा फोटो काढले, अकराही सारखे. शेवटी मीच पळालो."

बाहेर आल्यावर अंकुरनं हिशेब मांडला. वाघ एक, वावरं दोन. वाघ उलटा झाला, पण वावर उलटं झालं नाही. "मावशी, जुळे वाघ असतीन काय? एक डावखुरा?"

"गाडी काढ," विमलताई म्हणाल्या.

वावरात राखीचा नवरा संजय मचाणाची दोरी आवळत होता. डुकरांपायी तो रोज रात्री तिथेच जागलीला असे.

"सोमवारी वाघ आला तवा तुमी कुठी होते?"

"इथीच, मचाणावर. झोपलो होतो."

"जागलीवर?"

"जागल म्हंजे वावरात झोपाचं, ताई. जागाले घर हाय ना."

"अन् कुत्रं? भुंकलं नाही?"

"नाही बाप्पा. थेबी झोपलं होतं. तिकडंच, तुरीत. जिथी राखीले वाघ दिसला."

अंकुरनं कुत्र्याकडे आदरानं पाहिलं. कुत्र्यानं जांभई दिली.

"सकाळी कोणी येते वावरात?"

"याडी येते," संजय म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "तांबडं फुटलं का येते अन् गाठोडं घेऊन घरी जाते. सरपण असंल."

जमिनीवर वाघाच्या पायाचा एकही ठसा नव्हता. अंकुरनं नोंदवून घेतलं: 'वाघ हलका.'

घरी संजयची आई मानीबाई पत्र्याच्या पेटीवर बसून होती. पाहुणे आले तरी उठली नाही.

"साड्यांनं डुकरं भेतात का हो?" विमलताईंनी विचारलं.

"आंधी भेत. आता ओळखतात. हिरवी साडी दिसली का म्हणतात, हे मानीबाईचं वावर, चला जेवाले."

"मंग आता काय करता?"

"देवाले सांगतो," मानीबाई म्हणाली आणि पेटीवर नीट सरकून बसली.

"शेजारच्या भुरीबाईचं अन् तुमचं जमते ना?"

"बहिणीवानी. फवाऱ्याचा पंप, बैल, सगळं पाळीपाळीनं. एक दिवस आमच्या वावरात, एक दिवस तिच्या."

दुपारचे दोन वाजले होते. पत्रे तापले होते. विमलताईंनी कपाळाचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "मले थंडी वाजून राह्यली. घरात ब्लँकेट असंल त द्या."

अंकुरनं घाबरून मावशीच्या कपाळाला हात लावला. मावशीनं तो झटकला.

"पेटीत नवं हाय ना!" राखी म्हणाली. "माझ्या माहेरचं, लग्नातलं. चेनच्या पिशवीत आलं तसंच पेटीत गेलं. मीच अजून उलगडून नाही पाह्यलं. मोठा पाहुणा आला का काढू म्हणतात सासूबाई."

"तसा पाहुणा अजून नाही आला," मानीबाई म्हणाली. "चहा घ्या." आणि चहा ठेवायलाही ती पेटीवरून उठली नाही.

चार वाजता विमलताईंनी कपिलला आणि संजयला अंगणात बोलावून घेतलं. पेटी बाहेर आणवली. संजयनं आणि अंकुरनं ती मानीबाईसकटच उचलून आणली, कारण ती उठेना.

"वाघ एकच हाय," विमलताई म्हणाल्या. "कपिलनं चोरला नाही अन् राखीनंबी नाही. उठा मानीबाई."

मानीबाई उठली. विमलताईंनी झाकण उघडलं.

आतून वाघानं सगळ्यांकडे पाहिलं. अंकुर बाजेवर चढला, कपिल त्याच्या मागे. वाघाच्या मिशीला तुरीचा पाला चिकटला होता आणि कानात कापसाचं बोंड होतं.

विमलताईंनी ब्लँकेट उलगडलं. मधोमध वाघाचं तोंड, आणि काठानं गुलाबाची फुलं.

"माही जिंदगी कापडात गेली," त्या म्हणाल्या. "कापडाले सुलटी बाजू असते अन् उलटी बाजू असते. सुलट्या बाजूनं चित्र पक्कं दिसते. उलट्या बाजूनं तेच चित्र फिरते अन् फिकट होते. राखीनं धुऱ्यावरून सुलटी बाजू पाहिली. कपिलनं रस्त्यावरून उलटी. सोमवारी मानीबाईची पाळी होती, मंगळवारी भुरीबाईची."

"म्हंजे धुकं नव्हतं?" कपिलनं बाजेवरूनच विचारलं.

"फक्त वाघावर पडणारं धुकं अजून निघालं नाही. वाघ अकरा फोटोत हालला नाही. कुत्रं त्याच्याजवळ झोपलं, रोहीनं त्याच्याकडं पाठ केली. जनावराइले जे कळलं थे आपल्याले कळाले चार वाजले. संजयभाऊ, तुमी ज्याले सरपण समजत होते, थे हे गाठोडं. तुमी झोपले का याडी हे डुकराइसाठी टांगत होती, अन् सकाळी कोणाले दिसू नये म्हणून घरी आणत होती."

"पण लपवाचं काहून?" अंकुरनं विचारलं.

मानीबाईनं पदर तोंडाशी नेला. "सुनेच्या माहेरचं ब्लँकेट वावरात टांगलं, असं तांड्यात कसं सांगाचं?"

राखी ब्लँकेटच्या काठावरून हात फिरवत होती.

"मले वाटलं, आमच्याकडचं पसंत नाही पडलं, म्हणून पेटीत टाकलं," ती हळूच म्हणाली.

"पसंत नसतं त वावरात कायले नेलं असतं? घरात याच्यापरस भारी वस्तू नाही. डुकराइच्या तोंडाले द्याची त भारीच द्या लागते!"

कपिलनं खाली उतरून मंडळाला फोन लावला. वाघ चोरीचा नाही, असं त्यानं तीनदा सांगितलं. तो कशाचा आहे, हे मात्र एकदाच आणि पुटपुटत. मग ग्रुपवर लिहिलं, 'राखीवहिनी वाघचोर नाहीत. चूक माझी.' आपला फोटो त्यानं मागे घेतला. राखीला पाचपर्यंत दुसरा पाठवता येईल, असं मंडळानं सांगितलं.

पाच वाजायला वीस मिनिटं होती.

"माहाबी वाघ गेला," राखी म्हणाली. "आता काय पाठवू?"

"थो खराब फोटो काढ," विमलताई म्हणाल्या.

रोहीचं बूड पुन्हा सगळ्यांनी पाहिलं.

"याच्यात भीती कुठी हाय?" अंकुरनं विचारलं.

"राखी भेली, कपिल भेला, मानीबाई सुनेले भेली. ज्या जनावराइनं भ्यावं म्हणून वाघ टांगला, त्यातली रोही आरामात शेंगा खाऊन राह्यली."

अंकुरनं मान हलवली. त्याला ते शुक्रवारी कळलं, पंक्चर काढताना, आणि तो एकटाच मोठ्यानं हसला.

राखीनं फोटोखाली लिहिलं, 'माझ्या माहेरचं ब्लँकेट आणि खरी रोही', आणि चार त्रेपन्नला पाठवून दिला. मग तिनं ब्लँकेटची घडी केली, पण पेटीत ठेवली नाही. सासूच्या हातात दिली.

"आज पाळी कोणाची हाय?"

"आपली," मानीबाई म्हणाली. घडी काखेत मारून ती वावराकडे निघाली आणि फाटकापाशी थांबली.

"थो फोटो साऱ्या यवतमाळले दाखव, बाई. फक्त डुकराइले नको दाखवू."