दमाची जागा

चष्म्याच्या दुकानात माणूस गुणगुणायला लागला की समजावं, त्याला समोरची अक्षरं दिसत नाहीयेत आणि ते कबूलही करायचं नाहीये. दुकानात डोळे तपासणारी ती अशी माणसं रोज बघायची. पण आजचा हा तरुण जे गुणगुणत होता, ते तिच्या चर्चमधलं जुनं गीत होतं. आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो न थांबता सरळ पुढे निघून गेला.

"तिथे थांबायचं," ती बोलून गेली.

"तिसऱ्या ओळीवर? पण खालच्या ओळी मी अजून वाचल्याच नाहीत."

"अक्षरं नाही हो... गीत. त्यात तिसऱ्या ओळीनंतर थांबायचं असतं."

तपासणीच्या जड चौकटीतून त्याने तिच्याकडे पाहिलं. "असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. थांबतात."

"मग भिंग बदलून बघा," तो हसला. "कदाचित मलाही दिसेल."

तिने मुद्दाम चुकीचं भिंग बसवलं. मग स्वतःचीच लाज वाटून बरोबरचं बसवलं. तोवर त्याचं हसू मात्र तिच्या चांगलंच लक्षात राहिलं होतं.

शनिवारी ती सरावाला चर्चमध्ये गेली, तर हा पठ्ठ्या तिच्या पायपेटीशेजारी वायरींच्या गुंत्यात मांडी घालून बसलेला. तरुण मंडळींसाठी पाळकांनी नव्या गाण्यांचा जो गिटारवाला बोलावला होता, तो हाच. तिचे वडील गायकवृंद बसवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या मते गिटार म्हणजे सहलीला न्यायची वस्तू. "नवं खूळ," एवढंच ते म्हणाले आणि पाठ फिरवून चष्मा पुसत बसले.

तिलाही नवी गाणी फारशी रुचत नसत. "दोनच ओळी, आणि त्याच फिरून फिरून?" तिने त्याला विचारलं.

"आईला हाक मारताना तुम्ही दर वेळी नवा शब्द शोधता?"

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना त्याच दोन ओळी तिच्या ओठांवर आल्या, आणि कितव्या तरी फेऱ्याला तिचे डोळे भरून आले. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारमागून शनिवार गेले. तिने पाहिलं, हा माणूस वाजवतो त्याहून जास्त ऐकतो. जुन्या गीतातला खालचा सूर समजून घ्यायला तो पायपेटीला कान लावून जमिनीवर बसायचा. तिला त्याचं फार कौतुक वाटायचं, आणि ते लपवायला ती उगाच पानं चाळायची. मधल्या वारी तो दुकानात यायचा. कारण काय, तर चष्म्याचा स्क्रू सैल झाला.

"हा स्क्रू आपोआप सैल होत नाही," ती एकदा म्हणाली. "कुणीतरी नखाने फिरवलाय."

"असेल. घरात उंदीर फार झालेत..."

"सुशिक्षित दिसतात उंदीर."

इकडे मंडळीत मात्र धुसफूस वाढत होती. नवं गाणं लागलं की वडीलधारे हाताची घडी घालत. जुनं लागलं की तरुणांना नेमकी तहान लागे. शेवटी पाळकांनी वैतागून तिला आणि गिटारवाल्याला बजावलं. "या रविवारी दोघांनी मिळून एक उपासना जमवून दाखवा. नाही जमली, तर पुढच्या महिन्यापासून सकाळी जुनी गीतं, संध्याकाळी नवी. दोन उपासना, दोन मंडळ्या."

म्हणजे सकाळी ती आणि संध्याकाळी तो. शनिवारचा एकत्र सराव बंद. तेव्हा कुठे तिला स्वतःचंच मन नीट कळलं.

शेवटच्या सरावालाही तो तिसऱ्या ओळीला चुकला. गिटार पुढे, गायक मागे.

"थांबतात तिथे," मास्तर गरजले.

"पण का, मास्तर? कारण कळलं तर हाताला कळेल."

"थांबतात म्हणून थांबतात."

तिची आई चहा घेऊन आली होती. "अहो, सांगा की त्याला," ती म्हणाली. मास्तरांनी छताकडे पाहिलं. "बरं, मीच सांगते. तेव्हा पेटी मी वाजवायचे. ही पोटात होती, आठवा महिना. पायांनी भाता मारायचा आणि वर पाच कडवी. तिसऱ्या ओळीला मला दम लागायचा. ह्यांच्या ते लक्षात आलं. भर उपासनेत ह्यांनी हात वर केला आणि अख्खी मंडळी थांबवली. मी दम घेतला, मग हात खाली. तेव्हाचे पाळक म्हणाले, मास्तर, हे काय नवं खूळ? पुढे ही जन्मली, पण लोकांचं थांबणं काही सुटलं नाही."

मास्तरांचे कान लाल झाले होते. पायपेटीवरची तिची बोटं तशीच राहिली. इतकी वर्षं ती ही जागा वाजवत होती, आणि ती आपल्यासाठी राखलेली आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मास्तर," गिटारवाला हळूच म्हणाला, "इतकी सुंदर जागा मी कुठल्याच गाण्यात ऐकली नाही."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "वाजव," ते म्हणाले. "पण दमानं."

रविवारी तिसरी ओळ संपली आणि त्याने तारांवर अलगद तळहात ठेवला. वडीलधारे सवयीने थांबले. तरुण आपला गिटारवाला थांबला म्हणून थांबले. सगळं चर्च एकदम नि:शब्द झालं, आणि एकदमच गाऊ लागलं. नंतर त्याचं दोन ओळींचं गाणं आलं. तिने पेटीचे सगळे सूर त्याच्याखाली पसरले. मास्तर हाताची घडी घालूनच उभे होते. पण तिसऱ्या फेऱ्याला त्यांचे ओठ हलले आणि चौथ्याला त्यांचा भरदार खर्ज लागला. आशीर्वादानंतर पाळक एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यातही उपासना एकच."

मंडळी पांगली. दोघं वायरी गुंडाळत राहिले. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. गुंडाळता गुंडाळता दोघं अगदी जवळ आले.

"एक बोलू?" ती म्हणाली. "आज हे जमलं नसतं ना, तर मी रडले असते. गीतांसाठी नाही... तुमच्यासाठी. मला तुम्ही फार आवडता."

त्याचा चेहरा उजळला. "मी हे कधीपासून सांगायचं म्हणतोय. धीरच होत नव्हता. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

ती खाली बघून हसली. वायर कधीच गुंडाळून झाली होती, पण टोक कुणीच सोडलं नाही.

"म्हणजे आता संध्याकाळची उपासना नाही," तो म्हणाला. "रविवारची माझी संध्याकाळ रिकामीच."

"रिकामी कशाने?" ती म्हणाली. "तुझी संध्याकाळ आता माझी आहे."