रोस्माइनीबाई कुठे गेल्या?

"अजून थोडी! अजून! बस्स!"

झुल्फानने पाटी सोडली आणि हात झटकले. 'कोटो आंबून लेखक संमेलन' असं लिहिलेल्या फाट्यावरच्या पाटीवरचा लाल बाण आता गावाकडे नाही, तर खाली म्हशींच्या डबक्याकडे रोखलेला होता.

"आता सिकालादीची पोरं थेट चिखलात!" आठ वर्षांची उपिक टाळ्या पिटत म्हणाली.

"हळू बोल ना!" तिची ताई देस्नी हसू दाबत म्हणाली. "आणि झुल्फान, ती पोरं गेली की पाटी लगेच सरळ करायची हं!"

सिकालादी म्हणजे कोटो आंबूनच्या शेजारचं गाव. गेल्या वर्षी तिथल्या मुलांनी गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस पटकावलं होतं, आणि वर 'तुमच्या गावात गोष्टी पिकतच नाहीत, नुसती दालचिनी पिकते!' असं चिडवलंही होतं. दोघी बहिणी आणि मावसभाऊ झुल्फान यांनी तेव्हापासून मनात डूख धरला होता.

तेवढ्यात घरून आईची हाक आली. लामांगच्या शंभर नळ्या निखाऱ्यांवरून उतरवायच्या होत्या. बांबूत शिजलेला तो चिकट भात जरा जरी करपला, तर आईने तिघांना सोललं असतं! तिघं धूम पळाली. आणि पाटी डोक्यातून पार निघून गेली.

दहा वाजले. भाताच्या जुन्या कोठारांसमोरचं अंगण माणसांनी फुलून गेलं. सिकालादीची मुलं तर केव्हाच येऊन बसली होती. शिक्षकांबरोबर, ट्रकमधून, वरच्या रस्त्याने!

"हात्तिच्या! फुकट गेली सगळी मेहनत," झुल्फान पुटपुटला.

पण देस्नीचं लक्ष मंचाकडे होतं. मधली खुर्ची रिकामी होती. तिच्यावरच्या कागदावर नाव होतं, 'रोस्माइनी'. या लेखिका याच गावात जन्मलेल्या. दहा वर्षांच्या असताना शहरात गेल्या, त्या आज पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच परत येणार होत्या.

"नाही येत त्या!" हेंड्रिझाल मामा घड्याळाकडे बघत म्हणाले. संमेलनाचा सगळा कारभार मामांकडे होता. "फोनसुद्धा लागत नाही. लेखक मंडळी अशीच लहरी! चला, माझं भाषण आधी उरकू." त्यांच्या हातात चाळीस पानं होती.

इतक्यात एक स्वयंसेवक धापा टाकत आला. "मामा, फाट्यावरची पाटी कोणीतरी फिरवली होती! मी आत्ता सरळ करून आलो."

"कोणीतरी कशाला? ही सिकालादीची कार्टी!" मामा कडाडले. "स्पर्धेतून बाद सगळी! फाटकाबाहेर बसा!"

"पण आम्ही त्या रस्त्याने आलोच नाही!" यूस्नीता नावाची मुलगी उठून म्हणाली. "आमच्या सरांना विचारा!"

कोणी विचारलं नाही. दोन महिने पाठ केलेल्या गोष्टी घेऊन सहा मुलं खाली मान घालून बाहेर गेली.

देस्नीचा चेहरा तापला. आता बोलायला हवं. आत्ताच! तिने तोंड उघडलं, आणि झुल्फानने तिचा हात घट्ट दाबला. तोंड मिटलं. झुल्फानने दाबलं म्हणून मिटलं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण ते काही तिला पटेना.

मग एकदम तिची नजर मंचावरच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. "झुल्फान! पाटी फिरलेली होती, आणि रोस्माइनीबाई आल्या नाहीत..."

झुल्फानचे डोळे विस्फारले.

"मामा, ऐका ना, त्या पाहुण्या..."

"नंतर!" मामांनी पहिलं पान उलटलंसुद्धा.

तिघं फाट्याकडे सुसाट निघाली. तिथे मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारा सुतान काका गिऱ्हाइकाची वाट बघत बसला होता.

"आजीबाई? सकाळी आठालाच सोडलं की त्यांना इथे! म्हणाल्या, माझ्या गावात मी पायीच जाणार. पाटी बघितली आणि काठी टेकत निघाल्या."

"कुठल्या बाजूला?" उपिकने विचारलं.

काकांनी डबक्याकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, आधी जुन्या जागा बघायच्या असतील."

डबक्यात म्हशी आरामात डुंबत होत्या. काठाच्या ओल्या मातीत चपलांचे लहान ठसे होते आणि प्रत्येक ठशाशेजारी एक गोल भोक.

"काठी!" झुल्फान ओरडला.

भोकांची ती रांग दालचिनीच्या बनात शिरली आणि ओढ्याच्या उतारावर अचानक संपली. पुढे माती घसरली होती. खाली दगडावर एक चप्पल पडली होती. एकच.

उपिक रडायला लागली. "ताई, मेल्या का गं त्या? आपण मारलं का?"

"गप!" देस्नी म्हणाली. ती वाकून खाली बघू लागली.

"अरे, कोण रडतंय तिकडे?" खालून घोगरा, पण ठसक्यातला आवाज आला. "रडायचं तर मी रडायला हवं!"

दालचिनीच्या साली सुकवायच्या छपराखाली एक बारीकशी म्हातारी बसली होती. एक घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. मांडीवर मात्र वही नीट उघडी होती.

"आलात एकदाचे! दोन तास हाका मारून घसा बसला. पाटीवरचा बाण डबक्याकडे बघितला तेव्हा मला वाटलं, चला, लेखकांना कुठे बसवायचं ते माझ्या गावाला अखेर कळलं!"

कोणीच हसलं नाही. झुल्फान हातगाडी आणायला पळाला. देस्नीने ओढणी ओढ्यात भिजवून घोट्याला बांधली.

"गुणाची पोर आहेस," रोस्माइनीबाई म्हणाल्या.

देस्नीने ओढणीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. 'आजी, मीच...' शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले.

लामांगच्या हातगाडीवर बाईंना बसवून, झाडाझुडपांतून ढकलत ढकलत तिघं फाटकाशी पोचली. आत मामांचं एकोणिसावं पान चालू होतं.

"भाषण चालू आहे. गाडी बाहेर!" स्वयंसेवकाने अडवलं.

बाईंनी चटकन शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"लामांग आहे," उपिक गंभीरपणे म्हणाली. "गरम."

फाटक ताबडतोब उघडलं!

मग काय विचारता! लोक उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मामांच्या हातातली पानं वाऱ्यावर उडाली. गावचे प्रमुख दातूक स्वतः खाली उतरले. तिघांच्या डोक्यांवर हात ठेवून म्हणाले, "पाहुणी हरवली हे आम्हा मोठ्यांना कळलंसुद्धा नाही! या मुलांनी गावाची लाज राखली!"

पुन्हा टाळ्या. देस्नीला फाटकाबाहेर फणसाच्या झाडाखाली बसलेली यूस्नीता दिसली. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

ते मात्र देस्नीला सहन होईना. तिने माइक ओढला.

"पाटी आम्ही फिरवली होती! सिकालादीच्या मुलांनी नाही. आम्ही! आणि ती बाद झाली तेव्हा मी गप्प बसले."

झुल्फान पुढे सरकून तिच्याजवळ उभा राहिला. "पाटी माझ्या हातांनी फिरवली," तो म्हणाला.

मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मी चौकशी न करता त्यांना बाहेर काढलं," ते हळूच म्हणाले. "मीच बोलावून आणतो."

"मी पण येते," देस्नी म्हणाली.

फणसाखाली यूस्नीता हलली नाही. "मला नीट ऐकू आलं नाही. परत सांग."

देस्नीने परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. यूस्नीता कपडे झटकून उठली. तिच्यामागे बाकीची मुलंही उठली.

स्पर्धेत पहिलं बक्षीस यूस्नीतालाच मिळालं. या वेळी कोणी कोणाला चिडवलं नाही. दातूक तिघांना म्हणाले, "मघाचं कौतुक मी मागे घेत नाही. पण उद्या सकाळी माझ्याकडे या. ओढ्याची वाट नीट करायची आहे, फावडी आणा."

देस्नी रोस्माइनीबाईंसमोर उभी राहिली. "आजी, माफ कराल?"

"घोटा ठणकतोय अजून, इतक्यात कशी करू?" बाई चष्मा चढवत म्हणाल्या. "बस इथे. हा पाय मांडीवर घे. डॉक्टर येईपर्यंत वरच राहिला पाहिजे तो."

देस्नी मंचावर मांडी घालून बसली. बाईंनी वही उघडली आणि छपराखाली लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला सगळं अंगण खो-खो हसलं. बाईही हसल्या, आणि त्यांचा सुजलेला, गरम पाय तिच्या मांडीवर थरथरला. देस्नीच्या पायांना मुंग्या आल्या, पण वाचन संपेपर्यंत ती जराही हलली नाही.