पाच बाय सातची खोली

मी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. आर्किटेक्ट मॅडम पेन्सिलीने रेघोट्या मारलेले कागद पाठवतात आणि मी ते कॉम्प्युटरवर मापात बसवते. माझी कामाची खोली आणि अण्णांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. लिफ्टचे मेकॅनिक होते. जन्मभर लोकांना वर-खाली केलं आणि तीन वर्षांपूर्वी स्वतः पलंगावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. मला दीड तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहता येत नाही, कारण शेजारच्या वहिनी तेवढाच वेळ त्यांच्यापाशी बसू शकतात.

त्या वर्षी मॅडमनी मोठं काम दिलं. नर्सेसचं तीन मजली वसतिगृह. पहिला मजला काढून होईतो ठीक होतं. दुसऱ्या मजल्याला कॉम्प्युटरने मान टाकली. एक रेघ ओढली की पडदा गोठायचा, मी चहा करून यायची, तरी ती रेघ तिथेच अर्धवट लटकलेली.

दुरुस्तीवाला घरी येऊन झाकण उघडून बघून गेला. "प्रोसेसर चांगला आहे. चार जीबी मेमरीत तुम्ही तीन मजले बसवताय. टोपलीत हत्ती बसेल का?"

"नवीनच घेतला तर?"

त्याने आकडा सांगितला. अण्णा आतून हसले. "त्यात लिफ्ट येते," म्हणाले.

मग आम्ही तिघांनी बसून विचार केला. जवळ होते त्यात दोनपैकी एकच गोष्ट होणार होती: वेगवान डिस्क किंवा मेमरी. डिस्कने मशीन लवकर सुरू झालं असतं, पण सुरू होऊन तिथेच गोठलं असतं. म्हणून मेमरी. बोर्ड जुना, त्यावर जुन्या पिढीचीच मेमरी बसणार, आणि ती नवी घेतली तर आठ जीबीची एकच पट्टी परवडत होती. "वापरलेली बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. "मेमरीला झीज नसते. डिस्क कधी जुनी घेऊ नका, मेमरी बिनधास्त घ्या."

बाजार एका इमारतीच्या तळघरात होता. खिडकी नाही, दोन्ही बाजूंना टपरीएवढी दुकानं, गरम धुळीचा वास. मेमरीवाला पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर. माझ्या बोर्डाचा नंबर वाचून त्याने प्लास्टिकच्या डब्यातून दोन हिरव्या पट्ट्या काढल्या आणि त्यांचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले.

"आठ-आठची जोडी. जोडी तोडून देणार नाही."

किंमत ऐकून मीच चपापले. "एवढ्या स्वस्त?"

"जुनी पट्टी मला द्या, त्यातच भागवतो," तो म्हणाला. त्याने तिथेच त्याच्या एका मशीनला लावून दाखवल्या. सोळा जीबी दिसले. मी सोबत नेलेली चारची जुनी पट्टी त्याला देऊन टाकली आणि वेळेत घरी आले.

दोन दिवस मशीन वाऱ्यासारखं चाललं. तिन्ही मजले एकत्र उघडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या बाजूला, व्हरांड्यात एक चौकट दिसली. पाच फूट बाय सात फूट. साडेचार इंची भिंती. दार नाही, खिडकी नाही. मी काढलेली नव्हती. हात चुकून लागला असेल म्हणून पुसली, सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी ती परत होती.

मी घाबरट बाई नाही. नकाशात चुका होतात, त्यांना कारण असतं. मी मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. तो सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत चालला. एकही दोष नाही. एक पट्टी काढून बघितली: खोली गायब, मशीन रडतखडत. ती काढून दुसरी लावली: तरीही खोली नाही. दोन्ही लावल्या, खोली जागेवर. फाइल मॅडमच्या ऑफिसात पाठवली. तिथे त्यांना व्हरांडा मोकळा दिसत होता.

वीज गेली की मेमरी सगळं विसरते. हे मला दुरुस्तीवाल्यानेच शिकवलं होतं. मी मशीन बंद करून वायर काढून ठेवली, दोन तासांनी लावली. पाच बाय सात.

अण्णांना सांगितलं.

"लिफ्ट मध्येच अडकली की आम्ही लगेच दाराला हात घालत नसू," ते म्हणाले. "आधी हाक मारायची. आत कोण आहे, किती जण आहेत. माणूस बोलायला लागला की निम्मं काम झालं."

"अण्णा, हा नकाशा आहे."

"मग लिहून विचार."

त्यांचं मन मोडायला नको म्हणून लिहिलं, असं मी वहिनींना नंतर सांगितलं. खरं तसं नव्हतं. मी त्या चौकटीच्या मधोमध टाइप केलं: आत कोण आहे? सेव्ह करून मशीन बंद केलं. अण्णांना भरवलं, त्यांची कूस बदलली, कपडे वाळत घातले. परत येऊन उघडलं.

चौकटीत तीनच शब्द होते. माझ्याच फॉन्टमधले, त्याच आकाराचे.

बाहेर कोण आहे?

मी अण्णांना ते वाचून दाखवलं नाही. काही उत्तर आलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. "मग दार काढून दे," ते म्हणाले. मी चौकटीला अडीच फुटांचं दार काढलं, व्हरांड्यात उघडणारं. पुढच्या वेळी उघडलं तेव्हा दार नव्हतं आणि साडेचार इंची भिंती नऊ इंची झाल्या होत्या.

जाड झालेल्या होत्या बाहेरच्या बाजूने. आतलं माप तेच, पाच बाय सात.

त्या दिवशी मी वहिनींना हात जोडून बसवलं आणि तळघरात गेले. मेमरीवाल्याने मला ओळखलं. पट्ट्या पुढे केल्या तसे त्याने हात मागे घेतले.

"परत घेत नाही."

"खराब आहेत."

"खराब नाहीत. तपासल्या असतील तुम्ही." त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तीनदा परत आलीय ही जोडी. मी विचारतो, तक्रार काय? कुणी धड सांगत नाही. चांगली आहे म्हणतात. फक्त घर लहान वाटायला लागलं, असं एक जण म्हणाला."

"मग माझी जुनी पट्टी तरी द्या."

"ती त्याच दिवशी गेली."

नवी पट्टी घ्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं आणि मॅडमचे पैसे नकाशे दिल्यावरच मिळणार होते. बाहेर जायच्या जिन्यावर मी थोडा वेळ उभी राहिले. वर उजेड होता. घड्याळात दीड तास संपायला वीस मिनिटं होती, आणि घरी जायला वीस मिनिटं लागत.

काम मी एका पट्टीवर पूर्ण केलं. फाइलचे तुकडे केले, एकेक मजला वेगळा, एकेक रेघ थांबून थांबून. अकरा दिवस लागले. प्रत्येक कागद छापल्यावर मी मोजपट्टी लावून व्हरांड्याची लांबी मोजली. मोकळा होता. मॅडमनी सह्या केल्या, पैसे आले. मेमरीची दुसरी पट्टी मी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. नवीन मेमरी घ्यायची होती, पण अण्णांसाठी हवेची गादी घ्यावी लागली. त्यांची पाठ सोलवटत होती.

पाच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला.

"तू दुसऱ्या मजल्यावर काय काढून ठेवलंयस? आत्ता साइटवर ये."

मी अण्णांना एकटं सोडून गेले. वहिनी गावाला गेल्या होत्या. पाण्याचा पेला हाताशी ठेवला, तासाभरात येते म्हणाले.

मॅडम खाली ट्रकवाल्याशी वाद घालत होत्या. त्यांनी हातानेच वर जायची खूण केली. दुसऱ्या मजल्यावर म्हातारा गवंडी एकटाच उभा होता. कामगार जेवायला गेले होते. व्हरांड्यात, जिन्याच्या बाजूला, विटांची कोरी खोली उभी होती. स्लॅबला टेकलेली. मी टेप काढला नाही. काढायची गरज नव्हती.

"हे तुम्ही बांधलंत?"

"आम्ही नाही, बाई. सोमवारी आलो तर उभं. मला वाटलं, नकाशा बदलला, दुसऱ्या टोळीने येऊन बांधलं." त्याने माझे छापलेले कागद दाखवले. व्हरांडा मोकळा होता. माझा जीव जरा भांड्यात पडला. निदान दोष माझा नव्हता.

"पण एक बघा," तो म्हणाला आणि भिंतीवर तळवा फिरवला. "गवंडी ज्या बाजूला उभा राहतो ना, त्या बाजूचा सांधा तो थापीने साफ करतो. पलीकडच्या बाजूला सिमेंटचा मसाला फुगून बाहेर येतो, तिकडे हात पोचत नाही. ही भिंत बघा."

प्रत्येक विटेखाली सिमेंट बाहेर ओघळून वाळलं होतं. आम्ही खोलीभोवती फिरलो. चारही बाजूंना तसंच.

"आत उभं राहून बांधलीय," तो म्हणाला. "चारही भिंती. शेवटच्या विटेपर्यंत."

"मग बांधणारा?"

"माझी माणसं मी मोजली. सगळी आहेत."

त्याने छिन्नीने छातीच्या उंचीवरची एक वीट मोकळी केली आणि ओढून काढली. मी मोबाइलचा उजेड आत धरला. समोरची भिंत दिसली, सांधे एकसारखे, स्वच्छ. जमीन झाडल्यासारखी. कोपरे रिकामे. माणूस नाही, थापी नाही, घमेलं नाही. आतली हवा चेहऱ्यावर आली. थंड होती.

"कुणी नाही," मी म्हणाले. तेव्हा कळलं, मी कुजबुजले होते.

"मॅडमना दाखवू," गवंडी म्हणाला.

आम्ही खाली गेलो. मॅडमना पटेना. "रिकामी आहे ना? मग आजच पाडा," म्हणत त्या आमच्यासोबत वर आल्या. पाच मिनिटंही झाली नसतील.

"कुठे आहे भोक?" त्यांनी विचारलं.

भिंत सलग होती.

गवंड्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. काढलेली वीट मॅडमना दाखवायला तो खाली घेऊन गेला होता. ती त्याच्या हातातच होती.

मी पुढे होऊन छातीच्या उंचीवर बोट टेकवलं. मसाला ओला होता. मी बघत असताना तो विटेच्या कडेने आणखी थोडा फुगला, आमच्या बाजूला.