चौथ्या दोरावरचं ‘हव’

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. मी त्या गच्चीवर होती.

रायपूर, शंकर नगर, आमचं घर. मागच्या डिसेंबरातला रविवार. रात्र नाही, अमावस्या नाही. चांगलं ऊन पडलं होतं.

आमचे हे, सुधाकर, रेल्वेतून रिटायर. हॅम रेडिओचा, घरच्या बिनतारी संचावरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा, भारी नाद. अँटेनाचा जुना खांब वादळात वाकला, म्हणून चाळीस फुटी लोखंडी मास्ट आणला.

"आता कोणाशी बोलाचं हाय?" मी म्हटलं.

यांनी दोर उलगडायले घेतले.

आमची पोट्टी, स्वरदा, पावसाळ्यात गेली. डेंगू. तेव्हापासून मले रडूही येत नव्हतं. पोळ्या लाटायच्या, भांडी घासायची, झोपायचं. बस.

मास्ट उभा करायची आमच्या घरची रीत हाय. खांब तोलून धरायले चार बाजूंना चार दोर, चार माणसं. हे बुडाशी. वर पाहायचं नाही, आपापला दोर पाहायचा. यांनी "धरलं?" विचारलं की एकेकानं "हव", म्हणजे हो, म्हणायचं. चार हव आले की मगच हे बोल्ट कसायले वाकतात.

चौथा दोर स्वरदाचा असायचा.

त्या दिवशी आम्ही तिघंच. मी, माझे दीर दिवाकर भाऊजी, शेजारचा पियुष. चौथा दोर भाऊजींनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपाले बांधून टाकला.

मास्ट उभा झाला.

"धरलं?"

"हव," मी.

"हव," भाऊजी.

"हव अंकल," पियुष.

मग... टाकीकडून...

"हव, बाबा."

कोणीच मान वळवली नाही. सवयीनं हे वाकले. पान्याचा आवाज येऊन राहिला होता... बाकी काहीच नाही.

बोल्ट कसले गेले. भाऊजी टाकीकडे गेले अन् तिथंच उभे राहिले.

गाठ सुटलेली. दोर टाकीच्या सावलीत पडलेला.

"वहिनी... हा गरम हाय. आत्ता कोणी सोडल्यासारखा."

तो दोर कोणी धरला नसता, तर लोखंड यांच्या पाठीवर आलं असतं. मले भीती वाटायले पाहिजे होती. वाटली नाही.

आता हे दर रविवारी मास्ट उतरवतात. म्हणतात, अँटेना बरोबर लागली नाही. पुन्हा उभा करतात. चौथा दोर बांधत नाहीत, कोणाले देतही नाहीत.

"वहिनी, दादाले अडवत काहून नाही?" भाऊजी विचारतात.

गेल्या रविवारी आमच्या तिघांचे हव झाले. मग... खूप वेळ काहीच आलं नाही.

तरी हे वाकले.

अन् मी थांबवलं नाही. माझाही कान टाकीकडेच होता.