ठोसर सरांचा उजवा हात

कराडच्या मज्जातंत्र प्रयोगशाळेत आफ्रीन मुजावरनं टेबलावरच्या कृत्रिम हाताचं आवरण उघडलं, आतली प्रणाली पडद्यावर घेतली आणि ती वाचायला लागली. हाताचे मालक मुकुंद ठोसर समोर स्टुलावर बसले होते. त्यांची उजवी बाही कोपरापासून रिकामी होती.

साताऱ्यात मुलींना मल्लखांब शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात हात गेला आणि त्या जागी हा बसवला गेला. दंडातल्या मज्जातंतूंचा हुकूम ओळखून बोटं हलवणारा तो त्या काळातला अगदी सुरुवातीचा नमुना होता. त्याची संचालन प्रणाली तेव्हापासून एकदाही बदललेली नव्हती आणि ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मागच्या महिन्यात एका मुलीला खांबावरून उतरवताना हात क्षणभर गोठला. मुलीला काही झालं नाही, पण सरांनी त्या दिवसापासून खांबाखाली उभं राहणं बंद केलं आणि स्वतःहून कराड गाठलं. प्रणाली बदला, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"हे ज्यानं लिहिलंय त्याला मला भेटायला आवडलं असतं," आफ्रीन शेवटी म्हणाली. "एवढ्याशा जागेत पाच बोटं, मनगट, पकडीचा जोर, सगळं बसवलंय. एक ओळ फालतू नाही. फक्त हळू आहे. हुकूम मिळाल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो."

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती नाईकनवरे मेंदूच्या अभ्यासक होत्या. त्यांना याचं नवल वाटलं. निसटलेल्या मुलीला झेलायला एवढा उशीर परवडणारा नव्हता, तरी सरांच्या आखाड्यात आजवर एकही मुलगी जायबंदी झालेली नव्हती. त्यांनी सरांना विचारलं, तेव्हा सर म्हणाले की हात उशिरा हलतो असं त्यांना कधी जाणवलंच नाही.

नवी प्रणाली बसवली गेली. तिच्यात विलंब जवळजवळ नव्हताच. सवय होईपर्यंत जुनीही हातात राहू द्यायची आणि महिनाभरानं कोणती ठेवायची ते ठरवायचं, असं ठरलं. एक कायम केली की दुसरी पुसली जाणार होती.

पहिले काही दिवस सर गोंधळून गेले. चहा घ्यावा असं मनात येईपर्यंत कप हातात आलेला असे. दाराची कडी त्यांनी काढायच्या आत निघालेली असे. काम चोख होत होतं, पण ते आपण करतो आहोत असं वाटत नव्हतं. आपल्या दंडाला दुसऱ्या कुणाचा तरी हात जोडला आहे, असं त्यांनी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी थोडा धीर धरायला सांगितलं.

मग रेवा जगदाळेचा प्रसंग घडला. रेवा त्यांची सर्वांत तयारीची शिष्या, राज्य स्पर्धा तोंडावर आलेली. खांबाच्या अगदी टोकाशी, बोंडाजवळ ती मांड्यांच्या पकडीवर उलटी तोललेली असताना सरांचा उजवा हात एकाएकी वर गेला, त्यानं तिला कमरेला धरून खाली ओढलं आणि गादीवर आणलं. सगळा आखाडा थबकला. रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, मी नीट होते. तुम्ही मला का ओढलंत?"

ओढावं असं सरांनी ठरवलंच नव्हतं. आज हातानं मुलीला ओढलं, उद्या ढकललं तर काय, या विचारानं ते हादरले. त्यांनी सराव थांबवला आणि आखाड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन ते कराडला आले. हात काढून ठेवा, मी एका हातानं शिकवीन, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

डॉ. इरावतींनी चित्रण अगदी संथ करून लावलं. पुन्हा मागे घेऊन लावलं. मग पडद्यावर रेवाच्या डाव्या मांडीवर बोट ठेवलं. सरांचा हात हलण्याआधीच तिथला स्नायू सैल पडला होता. गुडघा खांबावरून किंचित घसरला होता. रेवाला स्वतःला ते कळलेलं नव्हतं. पुढच्या क्षणी ती डोक्यावर पडली असती.

"हे सरांना कसं दिसलं?" आफ्रीननं विचारलं.

"जुन्या प्रणालीनं शिकवलं," डॉक्टर म्हणाल्या. "हात उशिरा हलतो, हे मेंदूच्या लक्षात आलं. म्हणून तो हुकूम आधी पाठवायला लागला. पण आधी पाठवायचा तर मुलगी निसटणार हेही आधी कळायला हवं. मग तो मुलींच्या मांड्या, पोटऱ्या, श्वास वाचायला शिकला. इतक्या वर्षांत पक्का शिकला."

"मग आपण ठरवलंच नाही, असं त्यांना का वाटतं?"

"कारण 'मी ठरवलं' ही जाणीव मेंदू हात हलण्याच्या वेळेशी जुळवून ठेवतो. आजवर हात उशिरा हलायचा, जाणीवही त्याच वेळेला यायची. आता हात लवकर पोचतो, जाणीव जुन्याच वेळेला येते. हातात दुसरं कुणी नाही. सरांच्या पुढे सरच धावताहेत."

सर पडद्याकडे बघत राहिले. आपल्यात असं काही आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. मुलींच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं, एवढंच ते आजवर धरून चालले होते. साताऱ्याला परतल्यावर त्यांनी रेवाला चित्रण दाखवलं. तिनं ते पाहिलं आणि डावी मांडी कशी घट्ट करायची ते विचारलं.

त्यानंतरचे दिवस सोन्यासारखे गेले. सरांचा हात मुलींच्या चुकांच्या आधी पोचत होता. बाहेरगावचे प्रशिक्षक बघायला आले आणि तोंडात बोट घालून परत गेले. हळूहळू हात सरांना आपला वाटू लागला. चहाचा कप आता जवळजवळ त्यांच्या मनाबरोबरच उचलला जाई. सर सुखावले.

पण एका संध्याकाळी एक मुलगी निसटली. सरांनी तिला वेळेत झेललं. तेवढ्यात रेवा म्हणाली, "सर, आज तुम्ही 'धर' म्हणाला नाहीत."

सरांच्या तोंडून नकळत 'धर' निघालं की पकड आवळायची, हे मुलींच्या अंगवळणी पडलेलं होतं. ती हाक नेहमी मुलगी निसटण्याच्या आधी येई, आणि निसटणं बहुतेक वेळा तिथंच टळे. आज ती आलीच नव्हती.

घाबरून सर कराडला गेले आणि डॉक्टरांनी तपासणी केली. भीती खरी ठरली होती. मुलगी निसटणार हे आधी ओळखणारी सरांची नजर निम्म्यावर आली होती.

"हात वेळेवर पोचतोय, मग मेंदू ती मेहनत कशाला करील?" त्या म्हणाल्या. "थोड्या दिवसांत तुम्ही इतर चांगल्या प्रशिक्षकांसारखे व्हाल. वाईट काही नाही त्यात."

"आणि जुनी ठेवली तर?"

"नजर परत येईल. हात पुन्हा हळू होईल."

आफ्रीननं दरम्यान हात गोठण्याचं कारण शोधून काढलं होतं. जुनी प्रणाली अधूनमधून आपल्या कंपनीच्या केंद्राला हाक मारत असे आणि उत्तराची वाट पाहत थांबे. ते केंद्र कंपनीमागंही चालू राहिलं होतं, पण मागच्या महिन्यापासून ते जगात कुठं नव्हतं. ती हाक बंद केली की हात गोठणार नव्हता. आफ्रीननं जुन्या प्रणालीची ओळ न् ओळ वाचून काढली होती. पुढं काही बिघडलं तर मी बघीन, असं तिनं सांगितलं. तरी नवी प्रणाली सर्व कसोट्यांवर सरस होती, हे तिनं लपवलं नाही.

सरांसमोर टेबलावर दोन बटणं ठेवली गेली. एक जुनीचं, एक नवीचं.

त्यांनी विचार केला. नवा हात त्यांना आवडला होता. या वयात पुन्हा मंद हात कोण मागून घेईल? झेलायचंच तर वेगवान हात बरा. पण मुलगी पडूच नये, यासाठी लागते ती नजर. दोन्ही बाजू तोलत ते बसले. अजून थोडा वेळ मागावा, घरी जाऊन ठरवावं, असं त्यांच्या मनात येत होतं.

तेवढ्यात त्यांना दिसलं की त्यांची उजवी तर्जनी बटणावर दाबलेली आहे. जुनीच्या.

त्यांनी दचकून डॉक्टरांकडे पाहिलं. आणि मग, हातामागून उरलेलं तेवढंसं अंतर चालून, त्यांच्या मनात तो निर्णय आला, शांत आणि पक्का. हो, जुनीच.

पडद्यावर नवी प्रणाली पुसली गेल्याची खूण उमटली. सरांनी बोट उचलायचं ठरवलं. बोट किंचित उशिरानं उचललं गेलं.