करवलीची ओळ

“एवढ्या लांबनं बायका जीपमधनं न्हेऊन आणल्या, आन बाई म्हणती अजून मिक्सिंग चालूय. एवढ्यात खरी हळद दळून झाली असती की.”

हे बुद्धप्रियाला ऐकवायचं नव्हतं. गाणं करून घेणाऱ्या अभिमन्यूनं व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप बोलून झाल्यावर बोट वेळेवर उचललं नाही, एवढंच. मागं त्याचे वडील आबासाहेब कुरकुरत होते, तेही निरोपाबरोबर आलं.

ती हसली. गाणं चांगलं झालं तर ते म्हणणाऱ्याचं, बिघडलं तर मिक्सिंगवालीचं. हा हिशेब तिला पाठ होता.

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटायची नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी. बुद्धप्रियालाही ती पटलेली नाही. तिनं ती फक्त कानांनी ऐकली आहे.

मागच्या वर्षीचा वैशाख. जुळे सोलापूर. आणि भर दुपार.

भुतं अमावास्येच्या रात्रीच निघतात असं वाटणाऱ्यांनी सोलापूरची वैशाखातली दुपार बघितलेली नसते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

फ्लॅटच्या मागच्या खोलीत तिचं काम चालायचं. भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर, दोन माइक. जयंतीची गाणी, बारशाची, लग्नाची. शिकवलं कुणी नाही. बिघडवत बिघडवत शिकली.

अभिमन्यूचं काम साधंच होतं. उजनीच्या पाण्याकाठचं गाव, धाकट्या बहिणीचं, रेश्माचं लग्न. हळदीला पोरी नाचणार, पण सिनेमातल्या गाण्यावर नको. घरातलंच हळदीचं गाणं हवं. आबासाहेबांची थोरली बहीण बजाबाई, म्हणजे बजाआत्या, म्हणणार, मागं बायका झेलणार, आणि खाली ढोलकी नि दणकेबाज बीट.

गाणं असं, की आत्यानं एकेका नात्याचं नाव घ्यायचं.

“हळद दळाया मामी आली...”

की बायका एका सुरात, “आली गं आली, दाराशी आली.”

मग चुलती. मग मावशी. मग करवली, म्हणजे नवरीची बहीण. करवलीचं नाव घेतल्याशिवाय त्यांच्याकडं जातं थांबवत नाहीत.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बजाबाई खणखणीत लागली होती. मावशीपर्यंत सगळं झक्क झालं. मग तिनं श्वास घेतला...

आणि गिळला.

एक ओळ नुसतीच ढोलकी वाजली. मग बजाबाईनं थेट नवरीवर उडी मारली.

“आत्या, करवली राहिली,” बुद्धप्रिया म्हणाली.

“ऱ्हाऊ दे. म्होरं चल, पोरी.”

मागच्या बायका एकदम पदर सारखे करायला लागल्या.

पहिलं मिक्स पाठवल्यावर अभिमन्यूचा फोन आला.

“बीट एक नंबर झालीय ताई. ढोलकी जरा वर घ्या. आन... ती मधली ओळ तेवढी काढा.”

“कुठली?”

“मावशीनंतरची.”

“तिथं ओळच नाही. नुसती ढोलकी आहे.”



“ऐका एकदा,” एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं हेडफोन चढवले. मावशी आली. आली गं आली. मग नुसती ढोलकी...

आणि ढोलकीच्या पार मागं, एकटीच कुणीतरी...

“आली गं आली, दाराशी आली.”

नाव कुणी घेतलंच नव्हतं. उत्तर मात्र आलं होतं.

बुद्धप्रिया घाबरली नाही. तिला राग आला, तोही स्वतःचाच. मागच्या बायकांतली कुणीतरी सवयीनं म्हणून गेली असणार, आणि आपल्या कानातून ते सुटलं. तिनं तेवढा तुकडा कापला. त्या जागी दुसरीकडची कोरी ढोलकी आणून जोडली. स्वतः ऐकलं. स्वच्छ होतं. पाठवून दिलं.

या वेळी खुद्द आबासाहेबांचा फोन.

“म्याडम, ती वळ काढा म्हणलं व्हतं.”

“काढली की.”

“हाय अजून.”

“असं कसं होईल? आवाज कुणाचा आहे तो?”

“मशिनी तुमच्या. तुमालाच ठावं.”

तिनं पाठवलेलं गाणं मोबाइलवर लावलं. मामी, चुलती, मावशी...

होता.

नव्या ढोलकीवर होता. आणि आता तो मागं नव्हता. आधी अंगणाच्या टोकाला उभं राहून म्हटल्यासारखा वाटलेला, आता उंबऱ्याशी आला होता. धाप लागलेली ऐकू येत होती.

तिनं कॉम्प्युटरवर मागच्या बायकांचा ट्रॅक पूर्ण बंद केला. आवाज होता. ढोलकी बंद केली. आवाज होता. एकट्या बजाबाईचा ट्रॅक उरला. बजाबाईनं गिळलेल्या श्वासाच्या जागी...

“दाराशी आली.”

बुद्धप्रियानं पंखा बंद केला. कशासाठी, ते तिलाच कळलं नाही.

दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांचं मत येऊन गेलं. चुलती म्हणाली, तितं आवाज बारीक करा. मामा म्हणाला, गाणं मावशीवरच तोडा, पोरींना नाचायला तेवढं बास झालं. कुणी म्हणालं, तितं हलगी टाका मोठी.

एकानंही विचारलं नाही, की ही बाई कोण.

तिला आवाजापेक्षा हे जास्त खुपत राहिलं. लग्नाच्या गाण्यात परका आवाज शिरला, तर माणूस आधी तेच विचारतं. आवाज ओळखीचा असला तरच विचारत नाही.

मग एका दुपारी नवरीचाच फोन आला. हळू आवाजात. मागं कुठंतरी मोटारीचा पंप चालू होता.

“ताई, ती ओळ काढू नका.”

“कोण आहे ती, रेश्मा?”

“वैजाक्का. माझी थोरली बहीण. वैजयंता.”

“मग ती रेकॉर्डिंगला आली होती का? मला कशी दिसली नाही?”

“ती न्हाय आता. दिवाळीला माहेरी आलती. मोटार बघायला पाण्याकडं गेली आन पाय घसरला.”

शाळेतली कविता म्हणावी तसं तिनं ते म्हटलं. कुठंही न अडता.

 बुद्धप्रियानं उगाच विचारलं, “तुला कुठल्या गावी दिलंय?”

“तितंच, वैजाक्काच्या सासरी. दाजींनाच. वैजाक्काचं पोरगं लहान हाय, त्याला आई पायजे म्हणतेत.”

“आणि तुला? तुला पाहिजे का ते?”



“मला गाण्याचं इचारलं ताई, ढोलकी कशी वाटती म्हणून,” रेश्मा म्हणाली. “बाकीचं कुणी इचारलं न्हाय.”

हळदीच्या आधी बस्ता बांधायला सगळे सोलापूरला आले. शालू, टॉवेल, टोप्या, सगळं जीपमध्ये भरलं आणि शेवटचं एकदा गाणं ऐकायला बुद्धप्रियाच्या खोलीत येऊन बसले. आबासाहेब खुर्चीवर. अभिमन्यू दाराला पाठ लावून. बजाबाई आणि रेश्मा खाली सतरंजीवर.

त्या दुपारचा अर्थ बुद्धप्रियाला आजवर लागलेला नाही. हळदीची गाणी ती आता घेत नाही. कुणी फारच गळ घातली तर आधी विचारते, घरातल्या सगळ्यांची नावं घेणार ना? लोकांना वाटतं, बाई फार सोवळ्याची दिसते. ती काही सांगत बसत नाही.

तिनं गाणं लावलं.

मामी आली. चुलती आली. मावशी आली.

आणि तिनं एका बटणानं सगळं बंद केलं. बजाबाई बंद, बायका बंद, ढोलकी बंद. पडद्यावरच्या रेघा सरळ झोपल्या.

खोलीत काहीच वाजत नव्हतं...

“आली गं आली.”

स्पीकर सगळ्यांच्या समोर होते. आवाज मागून आला. अभिमन्यूच्या पाठीमागून. बंद दाराच्या पलीकडून.

“दाराशी आली.”

अभिमन्यू दारापासून असा सरकला, जसं काही दार तापलं होतं.

“बंद करा ती मशीन,” आबासाहेब म्हणाले.

“बंदच आहे.”

“आली गं आली, दाराशी आली...”

आता सूर राहिला नव्हता. नुसतं सांगणं होतं. कुणीतरी उन्हातून लांब चालत यावं, आणि दार उघडेना म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं, तसं.

रेश्मा उठली. दाराकडं निघाली.

“खाली बस,” आबासाहेब म्हणाले. तिच्याकडं न बघता. दाराकडंही न बघता.

ती बसली नाही. कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. कडी थंड होती, असं तिनं नंतर सांगितलं. वैशाखातली कडी, आणि पाण्यातून काढल्यासारखी थंड.

तेवढ्यात बजाबाईनं तोंड उघडलं. माइक नाही, ढोलकी नाही. कोरड्या गळ्यानं तिनं गिळलेली ओळ म्हटली.

“हळद दळाया करवली आली.”

पलीकडचा आवाज थांबला.

पलीकडून कुणी झेललं नाही. खोलीतही कुणी झेललं नाही.

“आक्का, गप,” आबासाहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला होता. “पोरीचं लगीन हाय. पाय घसरला तिचा. सगळ्या गावाला ठावं हाय.”

“गावाला आपण सांगितलं म्हणून ठावं हाय,” बजाबाई म्हणाली. रडत नव्हती. भाकरी थापताना बोलावं तशी बोलत होती. “मला सासरनं हाकललं तवा आपल्या बापानं दार उघडलं व्हतं, आबा. काय इचारलं न्हाय, ताट वाढलं. वैजी आली, पाठ उघडी करून दावली, आन तू दारातनंच म्हणलास, सण हाय, पावणं हायती, माघारी जा. आन आतनं कडी मी घातली. पाय घसरला न्हाय तिचा. सासरला जायाचं नव्हतं म्हणून ती पाण्यात गेली. तिला आपण मारलं, आबा. आन आता हिला त्याच्याच घरात धाडाया हळद दळतोय.”